शिरस्तेदारांचं तिकीट

२४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. कमलाक्षी दिवसभरात काय काय विसरते ते तारीख टाकून रोज लिहीत जा, म्हणजे तीन-चार महिन्यांनी मला अंदाज येईल, असं त्यांचं म्हणणं. मी होय म्हणालो आणि परत येताना औषधांच्या दुकानाशेजारून ही दोनशे पानी वही घेतली. घरी येऊन उघडली आणि मनात आलं, हे तर आरोपपत्र झालं. उभा जन्म तंजावूरच्या कोर्टात गेला, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, लोकांची आरोपपत्रं नोंदवून बोटं झिजली. आता बायकोचं लिहू? मला जमायचं नाही.

पण वही घेतली आहे तर कोरी ठेवणं बरं नव्हे. घरात काय चाललं आहे तेवढं लिहीन. देवनागरीत लिहितो, कारण या घरात ती आम्हां दोघांनाच वाचता येते. मुलगा शिवराज मस्कतला असतो, मराठी बोलतो, वाचत नाही. सून रंजना तमिळ शाळेत शिकली. नात कीर्तना सातवीत आहे, तिला बोललेलं सगळं कळतं आणि उत्तर तमिळमध्ये येतं. म्हणजे धोका एकट्या कमलाक्षीचा. वही कपाटात जुन्या फायलींखाली राहील.

आज ती ठीक होती. सकाळी कॉफीचं डिकॉक्शन दोनदा घातलं, एवढंच. तसं कोणाचंही होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पोंगलच्या आधीच्या रविवारी कीर्तनाच्या शाळेचा पालक संघ कुटुंबमेळा भरवतो. यंदा रंजना संघाची चिटणीस आहे. मेळ्यात सगळ्यांत मोठं आकर्षण तंबोला. लोक आकड्यांची तिकिटं विकत घेतात, पिशवीतून एक ते नव्वदपैकी एकेक सोंगटी निघते, आकडा पुकारला जातो, ज्याची ओळ आधी खोडून होईल त्याला कुकर नाहीतर टिफिनचा डबा. जमेल ते शाळेला. यंदा मुलींच्या स्वच्छतागृहांना नवी दारं बसवायची आहेत.

आकडे पुकारते कमलाक्षी. त्या शाळेत एकतीस वर्षं तिने गणित शिकवलं आणि तंबोला गेली बावीस वर्षं तिच्याकडे आहे, निवृत्तीनंतरही. नुसता आकडा ती कधी पुकारत नाही, प्रत्येकाला तिचं एक वाक्य आहे. सत्तावीस, नक्षत्रं मोजून घ्या. त्रेसष्ट, नायन्मार संत देवळात. पस्तीस, काठावर पास. बहात्तर, तिरुवैयारुला जाऊन मेळकर्ते राग विचारा. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो त्या वर्षापासून अठ्ठावन्नलाही वाक्य मिळालं: अठ्ठावन्न, शिरस्तेदार घरी. त्यावर सगळा मांडव हसतो म्हणे.

म्हणे, कारण मी पाहिलेलं नाही. कोर्टाच्या नोकराने जिथे पैसे लावून खेळ चालतो तिथे बसू नये, हा माझा नियम. मी तिला स्कूटरवरून सोडायचो आणि फाटकाबाहेर पुंगाच्या झाडाखाली उभा राहायचो. लाउडस्पीकरमधून आवाज यायचा. दर वर्षी ती म्हणायची, एक तिकीट घेऊन पुढच्या रांगेत बसलात तर काय आकाश कोसळेल? निवृत्तीनंतर हरकत नव्हती खरी. पण सवय.

आज सकाळी इडली वाढताना रंजनाने विचारलं, मामंजी, तिकिटाला पैसे घेतो त्याला कायद्याची काही अडचण नाही ना, सहज विचारते. आणि यंदा तरी आत या, अत्तैंच्या समोर बसा. सासूला ती अत्तै म्हणते. कमलाक्षीने लगेच विचारलं, मेळा कधी आहे? अकरा जानेवारी म्हटल्यावर तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मी रंजनाला म्हणालो, बघून सांगतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बघितलं. जुनी पुस्तकं काढली, चष्मा पुसून वाचली. गोष्ट सरळ आहे. पैसे घेतले, निकाल नशिबावर सोडला आणि बक्षीस दिलं, हे तिन्ही एकत्र आलं की त्याला जुगार म्हणण्याला वाव राहतो. धर्मादाय कारण असलं तरी परवानगी मागितलेली बरी. बावीस वर्षं कोणी मागितली नाही ही गोष्ट निराळी. कोणी मागत नाही म्हणून मागू नये असं कुठे लिहिलं आहे?

दुपारी बसून अर्ज लिहिला. विषय: शाळेच्या कुटुंबमेळ्यात तंबोला नामक नशिबाच्या खेळास परवानगी मिळणेबाबत. खाली कलमं, खेळाची पद्धत, मागची बावीस वर्षं, सगळा तपशील. तीन प्रती काढल्या. हात अजून शाबूत आहे. एकही खाडाखोड नाही.

कमलाक्षीने विचारलं, काय लिहिता? म्हणालो, तुझ्याच कामाचं. ती म्हणाली, माझी पिशवी कुठे आहे, सराव करायला हवा. दारापुढच्या तिण्णैवर बसून तिने सोंगट्या ओतल्या आणि एकेक उचलून पुकारू लागली. मी लिहिता लिहिता कान देऊन ऐकत होतो. एकही चुकली नाही. चुकेल कशी, बावीस वर्षांचं पाठांतर आहे. पण घरच्या ओट्यावर बसणं वेगळं आणि चारशे माणसांसमोर माईक धरणं वेगळं.

सप्टेंबरात पापनाशमला भाचीचं लग्न झालं. नवरा-नवरीला आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला हिला उभं केलं. ती सुरेख बोलत होती आणि मधेच थांबली. ज्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता त्यांच्याकडे बघून तिने विचारलं, तुम्ही कोणाकडचे? मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग आणखी चार जण हसले. मी तिला धरून खाली बसवलं. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

याचा अर्जाशी काही संबंध नाही.

१ डिसेंबर, सोमवार

टाउन बसने जिल्हा कचेरीत जाऊन अर्ज दिला. पोच घेतली, शिक्का मारून. खिडकीवरची मुलगी दोनदा वाचून म्हणाली, याला परवानगी लागते का? मी म्हणालो, तेच तर विचारलं आहे. रंजनाला संध्याकाळी पोच दाखवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, मामंजी, मी फक्त तुम्हांला विचारलं होतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

मार्गळी महिना लागला. कमलाक्षीने पहाटे दारात कोलमची रांगोळी घातली. ठिपके एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला अकरा झाले, रेघ मिळेना. गणिताच्या बाईंचा कोलम चुकत नसतो. कीर्तना मधे मधे करत होती, तिच्यामुळेच झालं असणार.

दुपारी गणेशकुमारचा फोन आला. पूर्वी माझ्या हाताखाली नकला काढायचा, आता त्या कचेरीत अधीक्षक आहे. अर्ज त्याच्या टेबलावर गेला आहे. मला वाटलं, ओळखीने काम लवकर होईल. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, तब्येत विचारली, मग तमिळमध्ये म्हणाला, "सर, तुम्ही विचारलंत कशाला? शाळांमध्ये दर वर्षी होतं, आम्ही आमच्या घरच्यांना घेऊन जातो. विचारलं नसतं तर आम्हांला माहीतच नव्हतं. आता फाईल झाली. फाईलवर मी होय कसं लिहू?"

मी म्हणालो, अर्ज मागे घेतो. तो म्हणाला, मागे घेतला तरी नोंद राहते, उद्या कोणी बोट दाखवलं तर माझी नोकरी. हे मला त्याने सांगावं. मीच त्याला शिकवलं आहे की एकदा आवक क्रमांक पडला की कागद कोणाचा राहत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

उत्तर आलं. शाळेच्या आवारात नशिबाच्या खेळास कोणत्याही रूपात परवानगी देता येत नाही. प्रत मुख्याध्यापिकेला. 'नशिबाचा खेळ' हे शब्द माझ्या विषयाच्या ओळीतून जसेच्या तसे उचलले आहेत.

रंजनाने कागद वाचला, घडी करून मला परत दिला आणि स्वयंपाकघरात गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

शाळेत गेलो. मुख्याध्यापिका जयलक्ष्मी एके काळी कमलाक्षीची विद्यार्थिनी होती. मी तिच्यापुढे तोड ठेवली. तिकीट फुकट द्या, दारांसाठी पैसे वेगळे गोळा करा. तिन्हींतली एक गोष्ट काढून घेतली की जुगार उरत नाही. मी पुस्तकातली ओळसुद्धा नेली होती. तिने शांतपणे ऐकलं आणि तो कागद पुढे केला. कोणत्याही रूपात, या शब्दांवर तिने बोट ठेवलं. म्हणाली, लेखी नकार टेबलावर असताना मी सही करू शकत नाही, सर, ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

निघताना ती म्हणाली, आम्ही टीचरसाठी सगळं ठरवलं होतं. काय ठरवलं होतं ते मी विचारलं नाही. मला घाई होती. खरं म्हणजे घाई कसली होती, आठवत नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

कमलाक्षीला सांगायचं काम माझं, हे कोणी न सांगता ठरलं. शुक्रवारीच सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, माझं काही चुकलं का? मी म्हणालो, नाही ग, नियम आहे. ती संध्याकाळपर्यंत तिण्णैवर जाऊन बसली. जेवताना डोळे पुसत होती.

शनिवारी सकाळी तिने निळी कांजीवरम काढून दोरीवर टाकली. म्हणाली, मेळ्याला हीच नेसेन, बघा बरं डाग तर नाही? मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, माझं काही चुकलं का? पुन्हा तोच चेहरा. रविवारी तेच. काल तेच. आज सकाळी पाचव्यांदा.

आपल्याला वाईट बातमी एकदा मिळते. तिला रोज नवी मिळते आणि आणून देणारा मी.

२५ डिसेंबर, गुरुवार

आजपासून सांगणं बंद केलं. ती विचारते मेळा कधी, मी म्हणतो पुढच्या रविवारी. ती खूश होते. शपथेवर बोलताना माणसं किती सहज खोटं बोलतात याचं मला कोर्टात नवल वाटायचं. आता वाटत नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

वैकुंठ एकादशी. आमच्याकडे या दिवशी परमपदाचा पट मांडतात. खाली नेणारे साप, वर नेणाऱ्या शिड्या, फासे टाकत टाकत वैकुंठाला पोचायचं. पूर्वी अख्खी रात्र खेळायचे, आता दुपारी दोन डाव खेळले की झालं. पितळी फासे घासून ठेवले. पैसे लागत नाहीत, बक्षीस नाही, तेव्हा कायद्याला वाव नाही. हे मी मोठ्याने बोललो. कोणी हसलं नाही.

कमलाक्षी कोणाचीही सोंगटी उचलून पुढे न्यायची. फासा पडला की मात्र तिचं वाक्य तयार. बारा पडले, ती म्हणाली, बारा, आळ्वार संत रांगेत उभे. कीर्तना तिच्या अगदी खेटून बसली होती. आजी थांबली की ती तिच्या कानाशी लागायची, आकडा सांगायची, आणि आजी मोठ्याने पुकारायची. मधे मधे दोघी हसायच्या. मला राग आला. म्हणालो, आजी म्हणजे काय पोपट आहे, पढवायला? थट्टा पुरे कर. पोरीचे डोळे भरले. ती तमिळमध्ये म्हणाली, थट्टा नाही, आजोबा, आम्हांला सवय आहे. आणि उठून गेली.

कसली सवय, कळलं नाही. पट तसाच राहिला. कमलाक्षीची सोंगटी मोठ्या सापाच्या तोंडाशी होती. मी ती दोन घरं पुढे सरकवून पट गुंडाळला.

८ जानेवारी, गुरुवार

तिची सोंगट्यांची पिशवी मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मेळ्याच्या दिवशी ती हातात घेऊन निघाली तर काय करायचं? ती दिवसभर शोधत होती. पिठाच्या डब्यात, देव्हाऱ्यामागे, माझ्या वेष्टी-धोतरांच्या घड्यांखाली. शेवटी म्हणाली, अहो, बघा ना जरा. मीही तिच्याबरोबर शोधलं. किल्ली माझ्या जानव्याला होती.

११ जानेवारी, रविवार

मेळा झाला.

यंदा मी आत गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या रांगेत तिच्या शेजारी बसलो. निळी कांजीवरम, केसांत मल्लिगैचा गजरा, ती इतकी छान दिसत होती की लोक येऊन पाया पडत होते. टीचर, टीचर. तिला एकाचंही नाव आठवत नव्हतं आणि प्रत्येकाला ती विचारत होती, अभ्यास बरा चालला आहे ना? चाळिशीच्या बायका हो टीचर म्हणत होत्या.

तंबोल्याच्या वेळेला प्रश्नमंजूषा ठेवली होती. कोणीतरी माईक तपासायला एक, दोन, तीन म्हटलं, आणि कमलाक्षी उठली. मी तिचा हात धरला, तिने सोडवला. सरळ मंचावर गेली, माईक घेतला आणि खाली बघू लागली. म्हणाली, "माझी पिशवी कुठे आहे?"

चारशे माणसं होती. मी पापनाशमच्या हसण्याची वाट पाहत होतो. खाली बघत बसलो होतो. एकही माणूस हसला नाही. ती पुन्हा म्हणाली, "पिशवीशिवाय आकडे कसे काढू?" मग कीर्तना धावत गेली, आजीच्या शेजारी उभी राहिली, तिचा हात धरला. जयलक्ष्मीही गेली. तिने माईकवर सांगितलं की आपल्याला गणित ज्यांनी शिकवलं त्या टीचर आल्या आहेत. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. कमलाक्षी टाळ्यांकडे बघत होती आणि पिशवी शोधत होती.

नंतर जयलक्ष्मी मला बाजूला घेऊन बोलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणाली, "सर, आम्हांला वर्षभर माहीत आहे. टीचर मागच्या मेळ्यातच दोनदा अडकल्या होत्या. म्हणून यंदा कीर्तना त्यांच्या शेजारी उभी राहून आकडा कानात सांगणार होती. त्या दोघी दिवाळीपासून सराव करत होत्या. चुकलं तरी कोणी बोलायचं नाही, असं सगळ्या पालकांना रंजनाने आधीच सांगितलं होतं. टीचरचं हे शेवटचं वर्ष, ते त्यांचं व्हावं, एवढंच होतं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, रंजना सांगणार होती, सर. तुम्ही बघून सांगतो म्हणालात आणि मग पोच घेऊनच आलात.

१२ जानेवारी, सोमवार

खरं लिहितो. ही वही कोणी वाचणार नाही, तर इथे तरी खोटं नको.

मी तो अर्ज नियमासाठी लिहिला नाही. लोक हसतील म्हणून लिहिला. तिला मंचावर चढू नको असं सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून सरकारकडून सांगवलं. विषयाच्या ओळीत 'नशिबाचा खेळ' असं लिहिताना मला पुरतं ठाऊक होतं की यावर कोणीही सही करणार नाही. मी आयुष्यभर अर्ज पाहिले आहेत. कुठला अर्ज मंजूर व्हायला लिहिला आहे आणि कुठला फेटाळला जायला, ते मला पहिल्या ओळीत कळतं.

तिची लाज राखायची, असं मी मनाशी म्हणत होतो. माझी राखायची होती. तिला कसली आली लाज? आणि ज्यांच्यापासून राखायची ते सगळे तिला हातांवर झेलायला उभे होते. चारशे माणसं, एक बारा वर्षांची पोर, आणि ज्या सुनेला मी पोच दाखवली ती.

रंजनाची माफी मागितली. ती म्हणाली, असू दे मामंजी, तुम्ही घाबरला होता. मग ती रडली, आणि मीही. कीर्तनाला काय सांगू ते सुचेना. पोपट म्हणालो होतो. तिने माझ्या पानात आणखी एक बोळी, आमच्याकडची पुरणपोळी, वाढली.

पिशवी कपाटातून काढून तिण्णैवर ठेवली. कमलाक्षीने पाहिली आणि पदर सारखा करत आत गेली. तिला आता ती ओळखीची वाटली नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं सगळं डॉक्टरांना हवं तसलं होतं.

आज गेलो तर त्यांनी वही मागितली. उघडून पाहिली, म्हणाले, मला ही लिपी येत नाही, वाचून दाखवा. मी वही मिटली. म्हणालो, यात ती काय विसरली ते नाही. मी काय केलं ते आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि औषधाचा डोस वाढवून दिला.

आता त्यांना हवं तसं लिहितो. उशीर झाला आहे, पण हुकूम आहे. घराचा रस्ता, दोनदा. मस्कतचा मुलगा: फोनवर आवाज ओळखला, नाव नाही. सांबारात मीठ. अंघोळ झाली की नाही ते. गुरुवारी दुपारी, माझं नाव.

नाव म्हणजे तसं ती कधी घेतच नव्हती, अहो म्हणायची. त्या दिवशी तिने विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, वैद्यनाथ. ती म्हणाली, बसा ना. आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

२२ मार्च, रविवार

रंजना आणि कीर्तना तिरुवैयारुला रंजनाच्या माहेरी गेल्या आहेत. घरात आम्ही दोघंच. चारच्या सुमारास उन्हं तिण्णैवरून उतरली तेव्हा तिला बाहेर आणून बसवलं, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. सकाळी मी पट्टी घेऊन एक तिकीट आखलं होतं. तीन ओळी, नऊ रकाने, पंधरा आकडे. पैसे नाहीत, बक्षीस नाही. कायद्याला वाव नाही.

मी खाली पायरीवर बसलो, तिच्या समोर. पेन्सिल घेतली. म्हणालो, टीचर, पुकारा.

तिने पिशवीत हात घालून सोंगट्या चाळवल्या. मग एक सोंगटी काढली, तळहातावर उलटी-सुलटी केली. "सत्तावीस. नक्षत्रं मोजून घ्या." तोच आवाज. पुंगाच्या झाडाखाली ऐकलेला. मला पुढे पाहवेना, पण मी पाहिलं. बावीस वर्षं नुसतं ऐकलं होतं. पुकारताना ती भुवया वर करते आणि उजवा हात असा हवेत थांबवते, हे मला माहीत नव्हतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

माझ्या तिकिटावर सत्तावीस होता. मी खूण केली.

दुसरी सोंगटी. "अठ्ठावन्न. शिरस्तेदार घरी." ती स्वतःच हसली. मग माझ्याकडे वाकून, तिऱ्हाईताला सांगावं तसं, हळूच म्हणाली, "ते आत येत नाहीत. त्यांना हे चालत नाही. फाटकापाशी उभे असतील बिचारे, उन्हात. फार वेळ लावायला नको."

मी म्हणालो, "आज ते आत आले आहेत."

"हो का?" ती म्हणाली. "पुढच्या रांगेत बसवा त्यांना." आणि पिशवीत हात घातला.

तिसरी सोंगटी तिने काढली, तिच्यावर सहा होते, मला इथून दिसत होतं. ती म्हणाली, अठ्ठावन्न, शिरस्तेदार घरी. चौथीवर एक्केचाळीस होते. ती म्हणाली, अठ्ठावन्न, शिरस्तेदार घरी. पाचवीलाही तेच, सहावीलाही तेच. दर वेळी भुवया वर, हात हवेत, आणि मग माझ्याकडे नजर, मी खोडला की नाही ते बघायला. मी खोडत होतो, आकडे संपल्यावर त्याच खुणांवर पुन्हा. तिचं समाधान झालं की ती पुढची काढायची.

उन्हं गेली. समोरच्या घरातल्या मंगलाबाई दिवा लावायला आल्या आणि आमच्याकडे बघून परत आत गेल्या. शेवटी पिशवी रिकामी झाली. माझ्या तिकिटावर पंधरा खुणा होत्या. मी ते वर धरलं आणि फुल हाऊस म्हणालो. तिने ते हातात घेऊन, चष्मा नीट करून, ओळ ओळ तपासलं, पेपर तपासावा तसं.

त्या तिकिटावर अठ्ठावन्न नव्हताच. तिने खाली सही केली आणि म्हणाली, बरोबर आहे.